रविवारी पोट दुखतं का? : शाळेतल्या दादागिरीशी पहिल्यांदाच गाठ पडलेल्या आईबाबांसाठी

"रविवारी दुखतं का हो याचं पोट?" डॉक्टरांनी विचारलं आणि मला उत्तर देता येईना.

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही कोल्हापूरजवळच्या कागलहून मुंबईत विक्रोळीला राहायला आलो होतो. मुलगा पाचवीत. जुलै उजाडला आणि त्याचं पोट दुखायला लागलं, अगदी बेंबीभोवती. सकाळी सव्वासहाला, दुधाचा पेला समोर आला की. ओवा झाला, हिंग झालं, जंताचं औषध झालं, शेवटी सोनोग्राफीही झाली. रिपोर्ट नॉर्मल. सासूबाई म्हणाल्या, नाटकं करतोय. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, हे कबूल करते.

पुढे जे कळलं त्यातून गेल्यावर, आणि नंतर पालक-शिक्षक संघात बसून दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकल्यावर, हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. मुलाचं तोंड गप्प असतं तेव्हाही त्याचं शरीर तक्रार करत असतं. ती तक्रार तारखेनिशी लिहून ठेवली, तर पुढचं निम्मं भांडण तुम्हाला करावंच लागत नाही.

पहिलं काम : मस्करी आणि त्रास वेगळे करा

प्रत्येक चिडवाचिडवी म्हणजे बुलिंग नव्हे. दोन मित्र सकाळी कट्टी करतात आणि मधल्या सुट्टीत एकाच डब्यात हात घालतात. त्यात आपण पडू नये. या विषयाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकात स्वीडन-नॉर्वेमध्ये काम सुरू केलं. त्यांच्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत : त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो आणि दोन्ही बाजूंचा जोर सारखा नसतो.

तिसरी खूण आपल्या लक्षात येत नाही. जोर म्हणजे दंड-बेटकुळ्याच असं नाही. समोर पाचजण आणि इकडे एकटा, हाही जोरच. त्यांना इंग्रजी फाडफाड येतं आणि याला नाही, ते आधीपासून एकाच सोसायटीत वाढलेत आणि हा कालच आलाय, हेही तेच. आमच्याकडे झालं ते असं : पहिल्या आठवड्यात बाईंनी काहीतरी विचारलं आणि हा सवयीने "व्हय" म्हणाला. वर्ग हसला. बाईही हसल्या असतील, त्यात वाईट काही नव्हतं. पण तेच त्याचं नाव पडलं. हजेरीत त्याचा नंबर आला की मागच्या बाकांवरून "व्हय", फळ्याकडे निघाला की "व्हय", जिन्यात "व्हय". एकेक प्रसंग सांगायला गेलं तर ऐकणारा म्हणणार, "एवढंच ना?" दिवसातून वीस वेळा, तीन महिने, असं सांगितलं की मग ते एवढंच राहत नाही.

मारणं, ढकलणं, पैसे किंवा डबा हिसकावणं हे लवकर दिसतं. खेळायला न घेणं, कुणीच शेजारी न बसणं, वाढदिवसाला सगळ्यांना बोलावून एकालाच वगळणं हे दिसत नाही. मुलींच्या बाबतीत मी हेच जास्त पाहिलं. जात, रंग, जाडी, तोतरेपणा, वडिलांचा धंदा यांवरून बोलणं तर आहेच. आणि आपलंच मूल जगावेगळं कमनशिबी, असं वाटत असेल तर युनेस्कोचा २०१९चा अहवाल लक्षात ठेवा : जगभरात जवळजवळ तीनातल्या एका विद्यार्थ्याला त्याआधीच्या महिन्याभरात बरोबरीच्या मुलांकडून एकदा तरी असा त्रास झालेला होता.

दुसरं काम : शरीराकडे बघा

भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. रक्त आतड्यांकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, छाती धडधडते, पोटात कळ येते. तोंडी परीक्षेच्या आधी हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. पण परीक्षा तासाभरात संपते. वर्गात रोज तेच होत असेल तर कॉर्टिसॉलसारख्या ताणाच्या संप्रेरकांचं चक्र बिघडतं, झोप बिघडते, भूक बिघडते. म्हणून पोटदुखी हे नाटक नव्हे. दुखतं ते खरंच दुखतं, सोनोग्राफीत दिसत नाही इतकंच.

नेहमी दिसणाऱ्या खुणा सगळीकडे सांगतात : पोटदुखी, डोकेदुखी, झोपेत दचकणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, नखं खाणं, अभ्यासातून मन उडणं. मला अनुभवाने कळलेल्या दोन-तीन खुणा सांगते, कारण त्या आईच्या हातातूनच जातात.

पाण्याची बाटली भरलेली परत येते. मुलगा पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि शाळेचं बाथरूम ही शिक्षक नसलेली जागा. त्रास देणाऱ्यांची ती लाडकी जागा. दिवसभर लघवी अडवून धरणाऱ्या मुलांना जळजळ, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता हे सगळं होऊ शकतं. घरी आल्या आल्या दप्तर खांद्यावरच ठेवून मूल आधी संडासाकडे धावतंय का, ते बघा.

डबा. भरलेला परत आला तर भूक मेली म्हणून, आणि चाटूनपुसून परत आला तरी मूल घरी आल्यावर चार पोळ्या खात असेल तर डबा दुसऱ्या कुणाच्या पोटात गेलाय.

वस्तू. महिन्यात तिसरी कंपासपेटी हरवली की आपण धपाटा घालतो. त्याआधी एकदा विचार करावा.

वय वाढलं की हे आपोआप विरतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची माहिती आजवर गोळा होते आहे. त्यांतल्या ज्यांना ७ आणि ११ वर्षांचे असताना त्रास झाला होता, त्यांच्यात पन्नाशीला आल्यावरही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त आढळलं. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे प्रत्येक मुलाचं असंच होईल असं नाही, पुष्कळ मुलं नीट सावरतात. पण "आम्हालाही चिडवायचे, आमचं काय बिघडलं?" हे वाक्य मी आता वापरत नाही.

तिसरं काम : कॅलेंडर

डॉक्टरांचा तो प्रश्न घेऊन घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशेब लिहिते त्याच चौकोनात, पेन्सिलने लिहायला सुरुवात केली. पोट दुखलं तर "पो", डोकं दुखलं तर "डो", बाटली भरलेली आली तर एक टिंब, रात्री दचकून उठला तर फुली. मुलाला काही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी पान बघितलं. शनिवार-रविवार कोरे. गणपतीची सुट्टी कोरी. "पो" जवळजवळ रोजचा होता, पण मंगळवार आणि शुक्रवारी "पो", टिंब आणि आदल्या रात्रीची फुली, तिन्ही. वेळापत्रक काढून बघितलं : त्या दोन दिवशी पीटी. पीटीला मुलं रांगेने तीन जिने उतरून मैदानात जातात, आणि त्या जिन्यात रांगेच्या शेवटी कुणी मोठं माणूस नसतं.

हे मला मुलाने सांगितलेलं नव्हतं. भिंतीवरच्या कागदाने सांगितलं. तुम्ही वही करा, मोबाइलमध्ये लिहा, काहीही करा. फक्त तारीख, वेळ आणि काय दिसलं इतकंच लिहा. "त्या नालायक पोरानं" वगैरे मजकूर त्यात नको, कारण हे पान पुढे दुसऱ्याला दाखवायचं आहे. अंगावर वळ किंवा फाटलेला शर्ट दिसला तर तारखेसह फोटो काढून ठेवा.

चौथं काम : बोलतं करा, उलटतपासणी नको

"शाळेत कुणी त्रास देतं का रे?" या प्रश्नाचं उत्तर "नाही" हेच असतं. समोर बसवून विचारलं तर नक्कीच. आडवळणाने विचारा : आज डबा कुणाबरोबर खाल्लास? बाकावर शेजारी कोण होतं? मधली सुट्टी कुठे घालवलीस? ज्या मुलाला तिन्हींची उत्तरं पटकन देता येत नाहीत, त्याच्याकडे जरा जास्त लक्ष द्या.

आमचा बोलला तो स्कूटरवर, माझ्या मागे बसून. गांधीनगरच्या सिग्नलला थांबलो होतो. तोंडासमोर तोंड नव्हतं म्हणून बोलला असावा. "आई, आपण परत कागलला कधी जायचं?" मी म्हटलं, दिवाळीत. तर म्हणाला, "नाही, कायमचं." मग जिना, दप्तराला मागून ओढणं, "व्हय", सगळं सिग्नल सुटायच्या आत सांगून झालं. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीवर, अंथरुणात दिवा बंद केल्यावर मुलं बोलतात.

बोलायला लागलं की पहिल्या पाच मिनिटांत आपल्या तोंडून काय निघतं ते महत्त्वाचं. यांनी, म्हणजे मुलाच्या बाबांनी, लगेच सांगून टाकलं, "उद्या दे एक ठेवून." मुलाने दिलीही. शिक्षकांनी पाहिली ती तेवढीच, आणि डायरीत शेरा आमच्याच मुलाला मिळाला. "लक्ष देऊ नकोस" हेही तितकंच निरुपयोगी. पाचजण जिन्यात अडवतात तेव्हा लक्ष न देणं म्हणजे नक्की काय करायचं, हे मोठ्यांनाही जमत नाही. म्हणा इतकंच : "सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू, तुला न विचारता मी शाळेत जाणार नाही." आणि हा शब्द पाळा.

पाचवं काम : डॉक्टर

आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. दुखण्याचं मूळ शाळेत आहे असा संशय आला तरी तपासणी टाळू नका. पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन कमी होत असेल, ताप, वारंवार उलट्या किंवा शौचातून रक्त असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याला वेळ लावायचा नसतो. कॅलेंडरचं पान बरोबर न्या. डॉक्टरांना पाच मिनिटांत चित्र दिसतं.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडत नसेल, शाळेचं नाव काढताच मूल थरथरत असेल, खाणंपिणं सुटत असेल, तर मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. मुंबईत यासाठी खासगीतच जावं लागतं असं नाही. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी असते. नाममात्र पैशांत केसपेपर निघतो. रांग असते हे खरं, तेव्हा सकाळी लवकर जा आणि मुलासाठी गोष्टीचं पुस्तक न्या. फोनवर आधी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा आहे, नंबर १४४१६. ती चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

एक वेळ अशी असते की यातलं काहीच क्रमाने करायचं नसतं. "मी नसतो तर बरं झालं असतं", "मला जगायचंच नाही" असं मूल बोललं, स्वतःला ओरबाडताना किंवा कापून घेताना दिसलं, लाडक्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. "मरावंसं वाटतं का?" असं स्पष्ट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

सहावं काम : शाळेत जाताना कागद घेऊन जा

पहिल्यांदा वर्गशिक्षिकेला भेटा, पण गेटवर किंवा ओपन हाऊसच्या रांगेत नव्हे. डायरीतून वेळ मागून घ्या. साठ मुलांचा वर्ग सांभाळणारी बाई आपली शत्रू नाही, तिला जिन्यातलं दिसलेलं नसतं. आमच्या बाई आधी म्हणाल्या, "मुलं मस्करी करतात हो." मी काही न बोलता कॅलेंडरचं पान पुढे ठेवलं. त्यांनी मंगळवार-शुक्रवारवरून बोट फिरवलं आणि स्वतःच म्हणाल्या, "पीटी." त्याआधी मी दोनदा तोंडी सांगून आले होते, तेव्हा काहीच हललं नव्हतं.

भेटीनंतर लेखी द्याच. भाषा साधी ठेवा. साधारण असं :

"मा. मुख्याध्यापिका यांस, माझा मुलगा इयत्ता पाचवी 'ब' मध्ये शिकतो. दि. ८ जुलैपासून काही विद्यार्थी त्याला जिन्यात अडवणे, दप्तर ओढणे व टोपणनावाने हाक मारणे असे प्रकार वारंवार करीत आहेत. प्रसंगांच्या तारखा सोबत जोडल्या आहेत. यामुळे त्यास पोटदुखी व झोपेचा त्रास होत असून डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे. कृपया पीटीच्या वेळी जिन्यात देखरेख ठेवावी, त्याची बसण्याची जागा बदलावी आणि केलेली कार्यवाही आठ दिवसांत कळवावी, ही विनंती."

दोन प्रती करा. एक द्या आणि दुसरीवर ऑफिसमधून शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच नसलेलं पत्र दिलं काय नि न दिलं काय, सारखंच. आणि बघा, पत्रात "त्या मुलाला शाळेतून काढा" असं नाही. शाळेला सहज करता येतील अशा गोष्टी मागा : जिन्यात एक मावशी उभी करणं, बाक बदलणं, बसमध्ये ताईंच्या शेजारची सीट. एक समजूतदार जोडीदारही मागा. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेल्या २००१च्या एका अभ्यासात दिसलं होतं की दुसऱ्या मुलाने मध्ये पडून थांबवायचा प्रयत्न केला, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत त्रास थांबला. आमच्या बाईंनी रांगेत याच्यामागे वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी उभी केली. ती कुणाचं ऐकून घेत नाही. मावशीपेक्षा तिचाच उपयोग जास्त झाला, असं माझं मत.

एक गोष्ट मात्र करू नका. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलाचं नाव टाकू नका, गेटवर त्याला गाठून दम देऊ नका, त्याच्या घरी वरात नेऊ नका. तो दहा वर्षांचा आहे. शिवाय त्या क्षणी तक्रारदार तुम्ही राहत नाही, आरोपी होता.

शाळा दाद देत नसेल तर

आठ-दहा दिवस वाट पाहून पोच लावून स्मरणपत्र द्या, प्रत पालक-शिक्षक संघाला. शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असणं राज्य सरकारने बंधनकारक केलं आहे, तिचे सदस्य कोण ते विचारा. सीबीएसईची शाळा असेल तर मंडळाने २०१५ सालीच बुलिंगविरोधी समित्या नेमायला सांगणारं परिपत्रक काढलेलं आहे.

त्याही वर जायचं तर महापालिकेच्या शाळेसाठी वॉर्डातले प्रशासकीय अधिकारी (शाळा), खासगी माध्यमिक शाळेसाठी त्या भागाचे शिक्षण निरीक्षक (मुंबईत दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशी तीन कार्यालयं आहेत), आणि त्यांच्यावर शिक्षण उपसंचालक, चर्नी रोडच्या जवाहर बाल भवनात. महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही अर्ज करता येतो. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर मुलाला पाठ करून ठेवायला लावा, तो स्वतःही फोन करू शकतो. शिक्षकच मारत किंवा घालूनपाडून बोलत असतील तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ त्याला मनाई करतं.

महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंगविरोधी कायदाही आहे. त्यात शैक्षणिक संस्थेची व्याख्या कॉलेजपुरती नाही, वसतिगृहं आणि शिकवणीचे वर्गही त्यात येतात. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. पण पहिल्याच पत्रात त्याचा उल्लेख करू नका. कायदा दाखवला की शाळा वकील दाखवते आणि बाक बदलायचं राहून जातं.

लैंगिक स्वरूपाचं काही असेल, कपडे ओढणं, नको तिथे हात लावणं, तसले फोटो, तर हा क्रमच लागू नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली ते पोलिसांना कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे. "आपण आपसात मिटवू" असं कुणी म्हणालं तर उठून चौकीत जा. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच भेटायचंय असं सांगा.

मोबाइलवरचा त्रास

सातवी-आठवीपासून हा सुरू होतो आणि शाळा सुटली तरी सुटत नाही. मूल रागाने सगळं डिलीट करून टाकतं, ते आधी थांबवा. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. गंभीर असेल तर केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्या तक्रार होते. मुलाचा मोबाइल काढून घेऊ नका. पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

आणि फोन उलट बाजूने आला तर

संघात बसायला लागल्यापासून माझ्या लक्षात आलं की सगळ्यांत अवघड घर ते, ज्यांचा मुलगा त्रास देणारा निघतो. "आमचा असा नाहीच" हे पहिलं वाक्य. आपल्यावर ही वेळ आली तर ते गिळा आणि काय झालं ते ऐकून घ्या. मुलाला बडवू नका. मोठ्याने लहानाला मारलं की चालतं, हेच त्यातून तो पुन्हा शिकेल. त्याला घरात, शिकवणीत किंवा इमारतीखाली कुणी दाबतंय का, ते बघा. स्वतः त्रास सोसणारी आणि दुसऱ्याला देणारी अशी दुहेरी मुलं असतात, आणि त्यांची तब्येत सगळ्यांत जास्त बिघडते. आमच्याकडच्या "व्हय" टोळीचा म्होरक्या दर रविवारी मोठ्या भावाकडून मार खायचा, हे मला त्याच्याच आईने जिन्यात उभी राहून सांगितलं.

शाळेने काही केलं की लगेच कॅलेंडर थांबवू नका. निदान दीड महिना लिहीत राहा, कारण थोडे दिवस दबून त्रास जागा बदलतो, जिन्यातून बसमध्ये जातो. आमच्याकडे ऑक्टोबरच्या पानावर चार "पो" आहेत, नोव्हेंबरच्या पानावर एकही नाही. डिसेंबरात एक आहे, तोही रविवारी. तो स्टेशनबाहेरच्या पाणीपुरीचा.